कोड जिथं, टास्कपण तिथंच
ओपन सोर्स (सगळ्यांना खुला कोड असलेल्या) प्रोजेक्टची कामं कुठं नोंदवायची, ट्रेलो घ्यायचं की जिरा (दोन्ही कामांची नोंद ठेवायची ॲप्स) असा प्रश्न पडतो, पण अशा प्रोजेक्टवर बरीच माणसं फावल्या वेळात येतात, त्यांना अजून एक लॉगिन काढायला लावलं की ती परत फिरकतच नाहीत. कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) असेल तर इश्यूज (कामांच्या आणि चुकांच्या नोंदी) आणि प्रोजेक्ट्सचा बोर्ड (त्या नोंदी कार्डांसारख्या मांडायची पाटी) तिथंच चालवा ना, पुल रिक्वेस्टमध्ये (केलेला बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) 'Fixes #12' (12 हा इश्यूचा नंबर) टाकलं की तो बदल मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, मर्ज झाल्यावर तो इश्यू आपोआप बंद होतो, कुणाला कार्ड सरकवत बसावं लागत नाही (तसंही कोणी सरकवत नाही म्हणा). नवख्यांसाठी सोप्या इश्यूंना 'गुड फर्स्ट इश्यू' लेबल लावा. स्वतःच्या सर्व्हरवरच हवं असेल तर रेडमाइन, ओपनप्रोजेक्ट ही याच कामाची सॉफ्टवेअर आहेत, गँट चार्टपण (कोणतं काम कधी ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता) मिळतो, फक्त अपडेट आणि बॅकअप कोण बघणार ते आधी ठरवा. फॅब्रिकेटर (असंच आणखी एक सॉफ्टवेअर) मात्र नको, 2021 पासून मूळ टीमने काम थांबवलंय.