पब आणि मागची साडेतीन एकर जमीन: घ्यावं का? सल्ला हवा आहे

शिवारातली_लेक

नमस्कार मंडळी. आम्हा दोघांना बर्मिंगहॅमला येऊन १४ वर्षं झाली. नवरा हॉटेलच्या किचनमध्ये शेफ, मी हिशेबाची कामं करते. माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरचा कांदा-बटाटा. मातीत हात घातल्याशिवाय मला करमत नाही, ती हौस सध्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या छोट्या भाजीच्या तुकड्यावर, भागवते.

श्रॉपशरमध्ये, लडलोपासून अर्ध्या तासावर, एका खेड्यातला पब भाडेकराराने द्यायचा आहे. वर राहायला तीन खोल्या, मागे साडेतीन एकर जमीन, सफरचंदाची दहा-बारा जुनी झाडं. गावातलं दुकान कधीच बंद पडलंय. लोकांना बसायला एवढी एकच जागा उरलीय आणि चालवणारं जोडपं आता थकलंय.

मनात असं आहे की मागे पिकवायचं आणि पुढे वाढायचं. भाज्या, अंडी, दोन डुकरं. किचनमधलं उरलंसुरलं डुकरांना आणि त्यांचं खत वाफ्यांना, म्हणजे काहीच वाया जाणार नाही. पब बिअर कंपनीचा आहे, बिअर त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल. हे कितपत जमण्यासारखं आहे? सुरुवात कशापासून करावी? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

हेरफर्डकर

ताई, आम्ही नऊ वर्षं हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी डुकरांचं. आमच्या गावी आजी उष्टं-खरकटं पातेल्यात गोळा करून म्हशीपुढे ठेवायची. त्याच सवयीने मीही पहिल्या महिन्यात गाजराच्या साली आणि पावाचे तुकडे बादलीत घेऊन डुकरांकडे निघालो होतो. शेजारच्या मेंढपाळाने फाटकावरच बादलीची कडी धरली. २००१ मध्ये इथे लाळ्या-खुरकूत आला, तो एका डुकरांच्या फार्मवरून पसरला. नीट न उकळलेलं खरकटं तिथे घातलं जात होतं. देशभरात ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, त्यात या माणसाचा सगळा कळप गेला. तेव्हापासून खरकटं घालायला कायद्याने बंदी आहे. पबच्या किचनमधून एकदा गेलेली कुठलीही वस्तू, अगदी कोथिंबिरीचा देठसुद्धा, डुकराला किंवा कोंबडीला घालायची नाही. वाफ्यातून उपटून थेट नेलेला कोबीचा पाला चालतो. तुमच्या योजनेतली ही साखळी इथेच तुटते, हे आधी मनाशी पक्कं करा.

मग कागदपत्रं. डुकरं आणण्याआधी जमिनीचा सीपीएच नंबर (जनावरं ठेवायच्या जागेचा सरकारी नोंदणी क्रमांक) घ्या, नंतर कळपाची नोंदणी. एक डुक्कर हलवायचं तरी आधी ऑनलाइन कळवावं लागतं, आणि बाहेरून नवीन डुक्कर आलं की तुमच्याकडची इतर डुकरं २० दिवस हलवता येत नाहीत. घरी कापलेलं मांस पबात विकता येत नाही, ते मान्यताप्राप्त कत्तलखान्यातूनच यावं लागतं. छोटे कत्तलखाने भराभर बंद होतायत. म्हणून पिल्लं घेण्याआधी फोन करून विचारा: जवळचा किती मैलांवर, दोनच डुकरं घेतात का, कोणत्या वारी?

आता ताटात किती येतं ते बघा. एप्रिलमध्ये आठ आठवड्यांची पिल्लं आणली तर सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तयार होतात. एकापासून हाडांसकट ५५-६० किलो धरा. त्यातले रोस्टचे तुकडे रविवारच्या दोन-तीन पंगतीत संपतात. बाकीच्याचे सॉसेज, टेरीन (साच्यात भाजलेली मांसाची वडी), वगैरे. म्हणजे घरचं पोर्क हा वर्षातला एक सोहळा, रोजचा पुरवठा नव्हे. रोजचं मांस गावच्या खाटकाकडून घ्या, त्याच्याशी संबंध जपा.

भाजीपाल्यातही तसंच. चिप्सना आठवड्याला पोत्यांनी बटाटा लागतो. जुन्नरच्या लेकीला हे सांगताना जीवावर येतंय, पण बटाटा-कांदा जवळच्या शेतकऱ्याकडून घ्या. स्वतः ते लावा जे तोडल्यापासून तासाभरात ताटात गेलं तरच खरं लागतं: सॅलडचा पाला, हर्ब्ज, बाकला, कोवळं बीट, लीक (कांद्याच्या जातीची भाजी), रुबार्ब (आंबट दांड्यांची भाजी, गोड पदार्थांत घालतात). हौसेला लवकर येणाऱ्या बटाट्याच्या दोन ओळी, जूनमध्ये पुदिना-बटरबरोबर. एप्रिल-मे इथे रिकामे असतात. हिवाळ्यातला माल संपलेला, नवा आलेला नाही. तेव्हा रुबार्ब आणि जांभळी ब्रोकोली हाच आधार.

आणि एक. मळ्यात जास्त काम मे ते ऑगस्ट, पबातही तेव्हाच. पहिल्या वर्षी फक्त पब आणि चार वाफे. जनावरं नकोत. कळकळीने सांगतोय.

तळघर_उघडं_आहे

हेरफर्डकरांनी मागचं सांगितलं, मी पुढचं सांगतो. मी तीन पब चालवलेत.

बिअर त्यांच्याकडूनच, म्हणजे करार 'टाइड', मालकाच्या बिअरला बांधलेला. बाजारभावापेक्षा बरीच महाग पडते. भाडं कमी दिसतं ते त्यामुळेच. इंग्लंड-वेल्समध्ये २०१६ पासून पब्ज कोड, म्हणजे पब भाडेकरूंच्या संरक्षणाचे नियम, आहे. त्यात ठराविक प्रसंगी, उदाहरणार्थ करार नव्याने होताना, बांधिलकी सोडून नुसतं बाजारभावाने भाडं मागायचा हक्क मिळतो. पण हा कोड ५०० किंवा जास्त टाइड पब असलेल्या कंपन्यांनाच लागू आहे. मालक छोटी ब्रुअरी असेल तर हे संरक्षण नाही. पहिला प्रश्न हाच विचारा.

दुसरा, दुरुस्तीचा. माझ्या दुसऱ्या पबात संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूकडे होती. ते कलम मी नीट वाचलं नाही आणि पहिल्याच हिवाळ्यात छताच्या बिलात सगळी बचत गेली. वकिलाचे पैसे वाचवू नका. इमारतीची पाहणी सही करण्याआधी करून घ्या.

तिसरं, मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि वर्षाला किती बिअर खपली त्याचे आकडे. हिशेब तुमचा प्रांत आहे, तुम्हाला लगेच कळेल. कास्क एलच्या (पिंपातच मुरणाऱ्या बिअरच्या) एका फर्किनमध्ये, म्हणजे छोट्या पिंपात, ७२ पाइंट. उघडल्यावर तीन दिवसांत संपवायचं, नाहीतर आंबटपणा येतो. तळघर ११ ते १३ अंशांवर हवं. तीन दिवसांत एकच पिंप संपत असेल तर बारवरचा बिअर ओढायचा हँडपंप एकच ठेवा. एक चांगली बिअर मिळाली की गावकरी परत येतात.

दारू विकायचं पर्सनल लायसन्स दोघांपैकी एकाला लागेलच. कोर्स एका दिवसाचा असतो, अवघड नाही. काउन्सिलकडे खाद्यव्यवसायाची नोंदणी उघडण्याच्या किमान २८ दिवस आधी.

शिवारातली_लेक

दादा, दोघांचेही मनापासून आभार. खरकट्याचं वाचून मी खरंच थबकले. माहेरी ते इतकं साहजिक होतं की इथे चूक असेल असं कधी वाटलंच नाही.

कोंबड्या तरी चालतील ना? आणि मेनूत आपलं काही ठेवावं का? नवऱ्याला मिसळ ठेवायची फार इच्छा आहे.

वेल्सची_काकू

कोंबड्या चालतील गं, पण १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. बर्ड फ्लूच्या काळात त्यांना आत ठेवण्याचा हुकूम येतो, म्हणून आधीच छप्पर-जाळीचा मोठा आडोसा बांध. माझ्या सोळा कोंबड्या दोन हिवाळे तशाच राहिल्या. हिवाळ्यात अंडी जवळजवळ थांबतात हेही धरून चाल.

मेनूचं माझं मत सांगते. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक, वेस्ट ब्रॉमिचकडे पंजाब्यांनी पब घेऊन ग्रिल आणि बिअर अशी छान घडी बसवली. पण ती शहरं, तिथे आपली वस्ती आहे. तुझ्या खेड्यात रविवारचं रोस्ट आणि शुक्रवारचे फिश अँड चिप्स याला हात लावू नकोस. ते नीट जमलं की गाव तुझं. मग बारवर बटाटेवडा ठेव, लसणाच्या चटणीबरोबर. बिअरबरोबर लोक किती आवडीने खातात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यासाठी पॉलिटनेलमध्ये (प्लास्टिकच्या आडोशात) मिरची, कोथिंबीर लाव. मिसळ महिन्यातून एकदा, आधी नावं घेऊन.

एक पब बघून ये: नॉर्थ यॉर्कशरमधल्या ओल्डस्टेडचा ब्लॅक स्वॉन. तिथल्याच शेतकरी कुटुंबाने २००६ मध्ये घेतला, मागे मळा केला, पुढे मिशलिन स्टार हा जेवणासाठीचा मोठा मानही मिळाला. तुला तिथवर जायचं नसेलही, पण मळ्याची आखणी आणि साठवणीचं लोणचं-मुरंब्याचं काम बघण्यासारखं आहे.

शिवारातली_लेक

काकू, वड्याची कल्पना त्याला इतकी आवडली की आज रात्री करून बघतोय.

ठरलं असं: सही करण्याआधी मंगळवारी संध्याकाळी, पावसाचा दिवस बघून, पबात जाऊन बसायचं आणि माणसं मोजायची. मालक कोण, किती पबांचे, ते उद्याच विचारते. डुकरं दुसऱ्या वर्षानंतर. रुबार्ब मात्र लगेच लावावं म्हणते, ते चालेल ना?

हेरफर्डकर

चालेल की. विकत घेऊ नका, नोव्हेंबरमध्ये माझे जुने गड्डे कुदळीने फोडतो तेव्हा येऊन सहा घेऊन जा. प्रत्येकाला एक तरी डोळा हवा, डोळा मातीच्या जरा वर ठेवा आणि खाली भरपूर कुजलेलं शेणखत. पहिल्या वर्षी एकही दांडा तोडायचा नाही.