यादीतली जागा टिकवायला किती मोजायचं?

धंतोलीकर
माझी बहीण सान होझेला असते. अमेरिकेत नापा व्हॅलीतल्या एका वाईनरीच्या ग्राहकयादीत तिचं नाव आहे, म्हणजे वाईनरी दरवर्षी तिच्या वाट्याच्या ठराविक बाटल्या तिला थेट विकते. (वाईनरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, वाद भलतीकडे जातो.) तिच्या वाट्याच्या बाटल्यांचे पैसे आम्ही नागपुरातले चौघे देतो आणि कुणी येणारं असलं की त्या इकडे येतात. यंदाचं पत्र आलं. कॅबरने द्राक्षाची त्यांची वरची लाल वाईन, बाटली 175 डॉलरवरून 225. वाट्याला तीन बाटल्या. पण त्यासोबत त्यांची दुसरी, कमी प्रतीची लाल वाईनही तीन घ्यायची. नाही घेतली तर पुढल्या वर्षीच्या वाट्याचा 'फेरविचार' होईल. म्हणजे नाव कटलं, दुसरं काय!

माझं मत स्पष्ट आहे, सोडून द्यावी. महाग वस्तू मी घेतो, त्याचं काही नाही. पण विकणाऱ्यानं 'तुम्हाला संधी देऊन राहिलो' अशा सुरात बिल पाठवावं, हे मला झेपत नाही. बाकीच्या तिघांना अजून पटलेलं नाही, म्हणून इथे टाकतोय.

हिशेबी
भाऊ, रागात हिशेब करू नका. 225 डॉलर म्हणजे वीस हजारांच्या आसपास. हीच बाटली रीतसर आयात होऊन नागपुरात बर्डीच्या दुकानात यायची म्हटली तर? अमेरिकन वाईनवर आयातशुल्कच आजवर 150 टक्के राहिलंय. वर राज्याचा कर, आयातदार, दुकानदार. पन्नास हजारांच्या खाली पाहायला मिळायची नाही. मुळात ती इकडे येणारच नाही, हा भाग वेगळा.

आणि यादी ही काही माज म्हणून निघालेली गोष्ट नाही. अमेरिकेत 1933 साली दारूबंदी उठली तेव्हापासून उत्पादक, घाऊक वितरक, दुकान अशा तीन पायऱ्या आहेत. त्या वाटेनं माल गेला की दुकानातल्या किमतीच्या जेमतेम निम्मे पैसे वाईनरीच्या हातात पडतात. थेट विकला तर सगळे. वर्षाला हजारभर खोकी काढणारा छोटा माणूस यादीशिवाय टिकूच शकत नाही.

धंतोलीकर
@हिशेबी, म्हणजे मधल्या दोन पायऱ्या काढून त्यांचे निम्मे पैसे आम्ही वाचवले. मग त्यातलं थोडं आमच्याकडे नको का यायला? उलट बहिणीला याच वाईनरीची मागच्या सालची बाटली लिलावाच्या साइटवर यादीच्या भावापेक्षा स्वस्त दिसली. वर्षानुवर्षं निष्ठा ठेवणाऱ्यानं जास्त द्यायचे आणि कालच्या फिरस्त्यानं कमी, हा कुठला न्याय?

हिशेबी
खर्चही बघा की. वाईन मुरवायचं नवं फ्रेंच ओकचं पिंप हजार डॉलरच्या वर जातं. नापाची द्राक्षं अमेरिकेतली सगळ्यात महाग. आणि 2020 आठवतंय का? ग्लास फायर नावाच्या तिथल्या वणव्यात कित्येक वाईनरींनी धुराची चव उतरली म्हणून त्या सालची लाल वाईन बाजारात आणलीच नाही. ते वर्ष गेलं, मजुरी आणि कर्जाचे हप्ते काही गेले नाहीत.

पिंपातला_ओक
खर्चाचा विषय निघालाच आहे तर पूर्ण मांडू. पिंप 225 लिटरचं, त्यातून 300 बाटल्या निघतात. पिंप 1,200 डॉलरचं धरलं आणि एकदाच वापरून टाकलं तरी बाटलीमागे 4 डॉलर. नापाच्या कॅबरने द्राक्षाचा सरासरी भाव टनाला आठ-नऊ हजार डॉलर, टनातून सातशेच्या आसपास बाटल्या. झाले 12-13 डॉलर. मजुरी, बूच, जड काच, जमिनीचं व्याज, सगळं सढळ हातानं लावा. 225 पर्यंत पोचून दाखवा.

खरी गंमत वरच्या दर्जाच्या मळ्यांत आहे. टो कॅलॉन या नापातल्या नावाजलेल्या मळ्याच्या द्राक्षांसाठी मळेमालक अँडी बेकस्टॉफर यांनी रूढ केलेली पद्धत अशी की द्राक्षाचा भाव बाटलीच्या किमतीशी बांधायचा. बाटलीच्या किमतीच्या शंभर पट, एका टनाला. 225 ची बाटली असेल तर टन 22,500 चा. म्हणजे बाटली वाढली की द्राक्ष वाढतं, आणि द्राक्ष वाढलं म्हणून बाटली वाढवायची. याला खर्च म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

किंमत शेजाऱ्याकडे बघून लावली जाते. नापाच्याच 'स्क्रीमिंग ईगल' या वाईनचं पहिलं साल 1992. माल अगदी थोडा, आणि वाईनचे समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी शंभरपैकी 99 गुण दिले. 2000 साली नापाच्या धर्मादाय लिलावात त्याच सालची सहा लिटरची एक बाटली पाच लाख डॉलरला गेली. दानाचा पैसा होता, वाईनचा भाव नव्हे. पण आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. तेव्हापासून स्वस्त विकणं म्हणजे 'आमची हलकी आहे' अशी कबुली दिल्यासारखंच झालं.

प्रतापनगरची
मी वेगळंच विचारते. या बाटल्या तुम्ही पिता कधी? आमच्या यांच्या मित्रांची अशी एक 'खास' बाटली कपाटात पडून आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, बंद फ्लॅटमध्ये तर विचारूच नका. वाईनला चौदा-पंधरा अंश लागतात म्हणे. ज्याच्याकडे चोवीस तास चालणारी वेगळी वाईनची फडताळ-फ्रीज नाही, त्यानं दहा वर्षं मुरणारी कॅबरने घेऊन करायचं काय?

शिवाय परदेशातून येणाऱ्याला दोन लिटरच करमुक्त आणता येते. 750 च्या दोन बसतात, तिसरी बसत नाही. तुमचा वाटा तीनचा आणि वर दुसऱ्या तीन! नाशिक-दिंडोरीची किंवा अकलूजची चांगली लाल वाईन दोन हजारांच्या आतबाहेर मिळते. ती घ्या, या हिवाळ्यात प्या, मोकळे व्हा.

हिशेबी
ताई, फ्रीजचं एकदम मान्य. पण दिंडोरी आणि नापा यांची तुलना नका करू.

प्रतापनगरची
मी वाईनची तुलना केलीच नाही. पिण्याची केली.

वर्धेचा_पाहुणा
आमचा जिल्हा कितीक वर्षांपासून कोरडा, दारूबंदीचा. तुमचं चालू द्या, मी वाचून राहिलो.

काटोलचा_बगीचेवाला
धंतोलीकर भाऊ, राग नका मानू, पण मले तुमचं दुखणंच समजलं नाही. आमच्या इकडे संत्र्याचा बगीचा झाडावरच विकते. फळ हिरवं असतानाच व्यापारी येते, चक्कर मारते, अंदाज घेते, इसार टेकवते अन् जाते. पुढं भाव पडला का तोच म्हणते, गळ जास्त झाली, पैसे कमी करा. बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत वाढवत 2023 मध्ये किलोले 88 टका केलं, तवा सौदा झालेले बगीचे तसेच सोडून गेले लोक. आम्ही कोणाले पत्र पाठवाचं?

इथं एक पिकवणारा असा निघाला का जो आपला भाव आपण सांगते, आपला गिऱ्हाईक आपण निवडते, अन् पैसे माल निघाच्या आधी घेते. अन् तुमाले त्याचा सूर खुपते! मी त्याच्या जागी असतो तर 225 चे 250 केले असते. गिऱ्हाईक आहे ना?

धंतोलीकर
@काटोलचा_बगीचेवाला, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं, आणि भावाच्या बाबतीत तुमच्याशी भांडणार नाही. भाव त्याचा, त्यानं पाहिजे तो लावावा. पण जोडविक्रीचं काय? तुम्ही अंबिया बहाराची संत्री घेणाऱ्याला 'मृग बहाराचीही आत्ताच उचल, नाहीतर पुढल्या साली तुला बगीच्यात पाय ठेवू देणार नाही' असं म्हणाल का? त्याची दुसरी वाईन खपत नाही, तर ती माझ्या गळ्यात का?

काटोलचा_बगीचेवाला
म्हणीन ना! म्हणता येत नाही म्हणून म्हणत नाही.

पिंपातला_ओक
हे मात्र प्रामाणिक उत्तर झालं. एक भर घालतो. गिऱ्हाईक आहे तोवर हे सगळं ठीक, पण आता आहे का? अमेरिकेत गेली काही वर्षं वाईनचा खप उतरतोय. ज्या यादीत शिरायला लोक वर्षानुवर्षं थांबायचे, तिथून आता 'शेवटचे दोन दिवस' अशी आठवणीची पत्रं येतात. लिलावात बाटली यादीच्या भावाखाली दिसली हे तुम्ही वरती लिहिलंच आहे. ज्याच्या दाराशी रांग असते त्याला जोडविक्री लागत नाही.

हिशेबी
किंवा उलटं. मागणी उतरतेय म्हणूनच यादीतले जुने लोक त्यांना जपावे लागतील, आणि आत्ता टिकून राहणाऱ्याला पुढे चांगलं साल चांगल्या भावात मिळेल. तुम्ही नेमके चुकीच्या वर्षी बाहेर पडून राहिले.

धंतोलीकर
'पुढे मिळेल' या आशेवरच तर आम्ही इतकी वर्षं दरवर्षीची वाढ गिळली. आणि बहिणीनं नाव काढलं तर परत घेतात की नाही, हे त्यांच्या मर्जीवर. ती जागा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. बाटल्या विकून पैसे मोकळे करावेत म्हटलं, तर फेरविक्री करणाऱ्यांची नावं कापतात. आणि इथे नागपुरात विकायची तर परवान्याशिवाय तो गुन्हाच. म्हणजे हक्क म्हणावा असं माझ्या हातात काहीच नाही, नुसतं बिल आहे.

प्रतापनगरची
परवडत नसेल तर तसं सांगा, त्यात लाज कसली?

धंतोलीकर
परवडतं हो. चौघांत वाटलं की परवडतं. म्हणूनच तर दरवर्षी देऊन बसतो.

हिशेबी
मुदत कधीची आहे?

धंतोलीकर
रविवार रात्र, तिकडची. बहिणीला सांगितलंय की कॅबरनेच्या तीन टाक, दुसरीच्या जागी शून्य. पण त्यांच्या ऑर्डरच्या पानावर शून्य घेतच नाही, तीनच्या खाली आकडा उतरत नाही. त्यामुळे तिनं ईमेल केलाय.

पिंपातला_ओक
उत्तर आलं की इथे टाका. शनिवारपर्यंत 'या वर्षापुरती सवलत' असं काहीतरी येईल, असा माझा अंदाज.

काटोलचा_बगीचेवाला
अन् नाही आलं तर?

धंतोलीकर
तर चौघांत मतदान. आत्ता तरी तीन विरुद्ध एक आहे, आणि तो एक मी आहे.