नुसता होस्ट अपडेट करून भागत नाही
काहींची तक्रार असते की होस्टवर (मुख्य संगणकावर) क्यूईएमयू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक) चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट केलं तरी स्पाइसवर, म्हणजे त्या मशीनचा स्क्रीन नेटवर्कवरून दाखवणाऱ्या प्रणालीवर, डिस्प्ले अडखळतोच. अहो, निम्मं काम गेस्टमध्ये, म्हणजे त्या व्हर्च्युअल मशीनच्या आत असतं! तिथला क्यूएक्सएल (आभासी ग्राफिक्स कार्ड) ड्रायव्हर आणि स्पाइसचा एजंटही (गेस्टमध्ये चालणारा मदतनीस प्रोग्राम) अपडेट करा. एजंट नसेल तर खिडकी कितीही ताणा, रिझोल्यूशन जागचं हलत नाही.

व्हिडिओपुरतं बोलायचं तर क्यूईएमयूत स्पाइसचं व्हिडिओ स्ट्रीमिंग मुळात बंद असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम सुटं चित्र म्हणून नेटवर्कवरून जाते. ते सेटिंग 'फिल्टर'वर ठेवा. व्हिडिओसारखा सतत बदलणारा चौकोन तेवढा व्हिडिओ म्हणून जाईल. 'ऑल' (भराभर बदलणारं सगळंच व्हिडिओ म्हणून) मात्र नको. मी लावून बघितलं, तर टर्मिनल भराभर स्क्रोल करताना अक्षरं धुरकट व्हायची आणि मी चष्मा पुसत बसायचो.