कृषीदूतांना बीजप्रक्रियेसोबत बिबट्या आणि ओढाही शिकवायला हवा

शिवारवाट
खरीप सुरू झाला की पेपरच्या जिल्हा पानावर बातमी येते : कृषिकन्यांनी दाखवलं बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक. बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला ‘रावे’ असतं, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव. मुलंमुली ‘कृषीदूत’, ‘कृषिकन्या’ म्हणून गावात राहतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा, निंबोळी अर्क कसा करायचा ते दाखवतात. उपक्रम मला मनापासून आवडतो. पण गावापुढचे मोठे प्रश्न त्यात येतच नाहीत.

आमचा जुन्नर-शिरूर पट्टा बघा. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्या उसात राहायला आला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, मादी तिथंच पिल्लं घालते. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती रात्री त्याच फडाजवळ ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. दुसरीकडे रात्रीची लाईट असते म्हणून शेतकरी अंधारात पाणी धरायला जातो. पीकपद्धती, वीज, वन्यप्राणी सगळं एकाच बांधावर आलंय. तरी कृषीचा मुलगा बिबट्याला वनखात्याचा विषय समजतो आणि वनशास्त्राचा मुलगा उसाला कृषीचा.

माझं म्हणणं असं : रावे वर्षभराचं करा, गावाऐवजी एक पाणलोट द्या, म्हणजे ज्याचं पाणी एकाच ओढ्याला उतरतं ते सगळं शिवार, आणि कृषी व वनशास्त्राची मुलं एकत्र पाठवा. दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत दोन्ही शाखा आहेतच.

कोरडवाहू
साफ असहमत. मुलं ॲग्रीला कशासाठी येतात? एमपीएससी, बँकेत कृषी अधिकारी, नाहीतर कृषी सेवा केंद्राचा परवाना. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये डोकावा, किती ॲग्रीवाले वर्षानुवर्षं बसलेत ते दिसेल. बापानं कर्ज काढून खाजगी कॉलेजची फी भरलेली असते. ओढा मोजायला शिकलेल्या मुलाला पगार कोण देणार? आधी जागा काढा, मग अभ्यासक्रम बदला.

मोहफूल
कोरडवाहू दादा, पगार देणारे आहेत, फक्त ते पुण्यात नाहीत. मी गडचिरोलीत काम करते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावानं मिळून जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क मिळाला, त्यानंतर जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभांना मिळाला. या ग्रामसभा स्वतः बांबू आणि तेंदूपत्ता विकतात. कुठला बांबू यंदा तोडायचा, कुठला राखायचा, वणवा कसा अडवायचा, लिलावाचा हिशेब कसा ठेवायचा, याचा आराखडा लिहायला माणूस लागतो. असा माणूस शोधताना आमची दमछाक होते. ज्याला झाड कळतं त्याला हिशेब येत नाही, ज्याला हिशेब येतो तो जंगलात फिरत नाही. पगार शहराएवढा नसतो हे खरं, पण काम नाही असं म्हणू नका.

मका_उत्पादक
माझ्या घरी कृषीदूत राहून गेलेत. गुणी पोरं होती. वर्षभर ठेवा म्हणणं सोपं आहे, पण मुलींची राहायची सोय कोण करणार? मार्च-एप्रिलात आम्हालाच टँकरची वाट बघावी लागते.

आणि संवर्धन शिकवायला आलेला प्रत्येक जण मलाच सांगतो, डुक्कर मारू नका. मका डुकरांनी लोळवला की पंचनाम्यासाठी वनरक्षकाच्या मागे मी फिरायचं, सातबारा-आधारच्या झेरॉक्स मीच जोडायच्या. पोरांना हे आधी शिकवा : नुकसानीचा अर्ज वेळेत कसा भरायचा, फोटो कसे काढायचे, कुंपणाचं अनुदान कुठं मिळतं. माझं नुकसान ज्यानं बघितलंय, त्याचं जंगलाबद्दलचं बोलणं मी ऐकेन.

शिवारवाट
मका_उत्पादक, पंचनाम्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य, तो तर पहिल्या आठवड्याचा धडा हवा. राहण्याचा मुद्दाही रास्त आहे. मग असं करता येईल : कॉलेजनं गाव बदलायचं नाही. यंदाच्या तुकडीनं विहिरींची पातळी, पीकपेरा, प्राण्यांनी केलेलं नुकसान एका वहीत लिहायचं आणि ती वही पुढच्या तुकडीला द्यायची. हिवरे बाजार गावात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात, ते अशाच नोंदींच्या जोरावर.

कोरडवाहू, जागांबद्दल : केंद्राची ॲग्री-क्लिनिक योजना २००२पासून आहे. कृषी पदवीधराला पंचेचाळीस दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं, कर्जावर अनुदान मिळतं. त्यातून खता-औषधांचं दुकानच निघालं पाहिजे असं नाही. माती-पाणी तपासणी आणि सल्ला हाही धंदा होऊ शकतो.

कोरडवाहू
सल्ल्याला पैसे मोजणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. दुकानदार औषधासोबत सल्ला फुकट देतो, तिथं तुमच्या पदवीधराचा टिकाव कसा लागणार? वहीची कल्पना मात्र करण्यासारखी आहे. फक्त तिला गुण किती, ते सांगा. पोरगं एमपीएससीच्या तयारीतून वेळ काढून विहिरीवर जाणार असेल, तर ते गुणपत्रिकेत दिसलंच पाहिजे.