पाटाकडेची वाट गोदापार्कला जोडायची आहे: मुरूम की काँक्रीट, आणि दुचाक्या कशा अडवायच्या?

गोदाकाठी
नाशिकला मखमलाबाद बाजूला डाव्या पाटाकडेने (सिंचनाच्या कालव्याकडेने) जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा साधारण १.८ किमी भाग चालायला आणि सायकलीला नीट करून खाली गोदावरीकाठच्या गोदापार्कला जोडावा, असा प्रस्ताव प्रभागातून द्यायचा आहे. मध्ये १८ मीटरचा एक रस्ता ओलांडावा लागतो, शेवटचे दीडेकशे मीटर पूररेषेत येतात. परवानगी कुणाची? पेव्हर, काँक्रीट की मुरूम? मोटारसायकली कशा रोखायच्या? आणि पुढे रामकुंडापर्यंत सलग सायकलमार्ग दाखवावा का?

पाटकरी
पाटाची पट्टी जलसंपदा विभागाची. महापालिकेला तिथे परस्पर काही करता येत नाही, ना हरकत लागतेच. अर्जासोबत मोजणीचा नकाशा, सातबारा आणि दर ३० मीटरवरचे आडवे छेद जोडा. त्यात दोन गोष्टी स्वच्छ दिसू द्या: पाटाच्या भरावाला (काठाच्या मातीच्या बांधाला) हात लागत नाही, आणि गाळ काढायला पोकलेन आत येऊ शकतो. म्हणजे भरावाच्या उतारावर खोदकाम नाही, झाडं नाहीत (मुळं कुजली की त्याच पोकळीतून पाट पाझरतो), आणि वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवायला लावाल ते खांब कुलूप काढून उचलता येतील असे.

पूररेषेचं म्हणाल तर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. निळीच्या आत बाग, मैदान, पायवाट असा मोकळा वापर चालतो. भराव टाकून वाट उंच केलीत तर मात्र हरकत येईल, आणि यायलाच हवी. पाणी कुठेतरी जाणारच, ते समोरच्या काठावर चढेल.

मुरूमखडी
सगळ्या लांबीला एकच साहित्य लावू नका. पाटाकडेला मुरूम, पूररेषेत काँक्रीट. पेव्हर पूररेषेत अजिबात नको: पाणी ओसरताना खालची वाळू ओढून नेतं, एक ठोकळा सुटला की शेजारचे दहा सुटतात. २०१६ आणि २०१९ साली दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरून पुराची पातळी मोजतात) बुडवणारे पूर आले, तसं पाणी पुन्हा येणार हे धरूनच काम करायचं.

मुरमाचा हिशोब, ३ मीटर रुंदीच्या १०० मीटरसाठी: दाबून १५० मिमी थर हवा तर ४५ घनमीटर. सैल मुरूम तीसेक टक्के जास्त धरा, म्हणजे सुमारे ५९ घनमीटर, जवळपास २१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). छोट्या रोलरने एकदम १५० दबत नाही, ७५-७५ चे दोन थर करा. वरून पाणी मारून, पण चिखल होऊ न देता: मुठीत दाबलेला गोळा टिकला आणि बोटाने ठोकल्यावर फुटला की ओल बरोबर. काळी माती लागली तर ३०० मिमी काढून टाका, खाली जिओटेक्स्टाइल (माती वर येऊ न देणारं कापड) अंथरा आणि काढलेल्या जागी मुरूम भरा. हा मुरूम वरच्या हिशोबात धरलेला नाही. हे टाळलं की काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वाट दोन वर्षांत लाटेसारखी होते.

उतार ३ ते ४ टक्के, पाटाच्या उलट बाजूला. वाट सपाट ठेवली तर पहिल्याच पावसात डबकी, मग सायकलींच्या चाकोऱ्या.

काँक्रीट १२५ मिमी, एम-२५ प्रतीचं, दर ३ मीटरला सांधा, तोही २४ तासांच्या आत कापलेला. नदीकडच्या कडेला ४५० मिमी खोल दात (जमिनीत उतरणारी काँक्रीटची कड) द्या, नाहीतर पूर खालून माती पोखरतो आणि स्लॅब अधांतरी राहतो.

पायडल
खांबांनी मोटारसायकल अडत नाही, हे आधी मान्य करा. व्हीलचेअरला ९० सेंमी लागतात, मोटारसायकलचं हँडल ७५-८० सेंमी. चेअर जाईल तिथून गाडी जाणारच. नागमोडी अडसर लावला तर मुलाची सीट लावलेली सायकलही अडकते. खांब रिक्षा आणि चारचाकीसाठी: मोकळं अंतर १.२ मीटर, रात्री दिसतील अशा परावर्तक पट्ट्या लावून. दुचाकी शिरते ती शॉर्टकट म्हणून, तेव्हा वाटेचं तोंड सरळ डांबरावर न उघडता एक वळसा देऊन फुटपाथवर उघडा. वेळ वाचेनासा झाला की बरेचसे येत नाहीत, उरलेल्यांना दंडच.

खरा खर्च १८ मीटरच्या रस्त्यावर करा. १०० मिमी उंच टेबलटॉप (सपाट माथ्याचा उंचवटा, ज्यावरून रस्ता ओलांडायचा) आणि मध्ये थांबायला किमान २ मीटर रुंद दुभाजक, कारण सायकलच १.८ मीटर लांब असते. पावसाळी चेंबरच्या जाळीचे गज चाकाच्या दिशेला आडवे हवेत. उभे ठेवले की चाक आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे.

गोदाकाठी
आभार. रामकुंडाचं राहिलं. आणि सकाळी चालणारे व सायकलवाले एकाच ३ मीटरात मावतील का?

पायडल
रामकुंड दाखवू नका. घाटावर पायऱ्या, भाविक आणि आता २०२७च्या सिंहस्थाची कामं. तिथे सायकल हातात धरूनच जायची.

गर्दी कमी असेल तर ३ मीटर पुरतात. सकाळी माणसं तिघं-तिघं ओळीने चालत असतील तर २ मीटर सायकलला आणि दीड मीटर चालायला वेगळं करा, मध्ये ५० मिमीचा उतरता फरक ठेवून. नुसता पट्टा मारला तर एका पावसाळ्यात पुसला जातो.

मुरूमखडी
कडेची वेडी बाभूळ मुळासकट काढा, नुसती छाटली तर काटे वाटेवरच पडतात. आणि पूर ओसरला की गाळ ओला असतानाच ढकलून काढायचा, सुकला की फावडंही लागत नाही. अंदाजपत्रकात ही मजुरी वेगळी लिहा.