अनुभव धागा: गरोदरपणात तुमच्या शरीरात काय काय बदललं?

मैत्रिणींनो, मला 11वा आठवडा चालू आहे. मळमळ होणार हे ठाऊक होतं, पण परवा दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि मी घाबरलेच. डॉक्टर म्हणाल्या, संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, मऊ ब्रश वापर. हे आधी कुणी कसं सांगितलं नाही? तुम्हाला काय काय झालं ते लिहा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

•

सर्दी नसताना नाक चोंदायचं, रात्री तर फारच. शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि नाकातलं अस्तरही फुगतं म्हणे. बाळंतपणानंतर आपोआप मोकळं झालं.

•

मी हालचालीबद्दल लिहिते. पहिल्या खेपेला 20वा आठवडा लागला तरी काही कळेना. पोटात मधूनच बुडबुडा फुटल्यासारखं व्हायचं, ते मी गॅसेस समजत होते. एका रात्री कुशीवर पडले होते, हात ओटीपोटावर होता. आतून टिचकी बसली. थांबले. पुन्हा तिथेच बसली. नवऱ्याला उठवलं, पण त्याच्या हाताला काहीच लागलं नाही. ते अजून फक्त माझ्यापुरतंच होतं. दुसऱ्या खेपेला 17व्या आठवड्यातच ओळखलं.

•

बेंबीखाली काळी रेघ, गालांवर वांग. रेघ काही महिन्यांत गेली, वांग फिकट झाले पण पुरते गेले नाहीत. अजून थोडं वाईट वाटतं.

•

मला सातव्यापासून कूस बदलणं नको व्हायचं. सांध्यांचे बंध सैल होतात, तशात वजन पुढे येतं, त्यामुळे जांघेत कळ यायची. फिजिओथेरपिस्टने शिकवलं ते सांगते: दोन्ही गुडघे जुळवायचे, मध्ये उशी घट्ट धरायची आणि खांदे-कंबर एकदमच वळवायची. गाडीतून उतरतानाही पाय जुळवूनच बाहेर काढायचे. पहिल्याच रात्री फरक पडला.

•

एक कळकळीने सांगते. पोट ताणलं की खाज येतेच. माझी मात्र तळहात-तळपायांना होती, रात्री वाढायची आणि अंगावर पुरळ अजिबात नव्हतं. सगळ्यांनी तेल लावायला सांगितलं. तपासणीत यकृताचा त्रास निघाला, पुढे डॉक्टरांनी नीट लक्ष ठेवलं आणि बाळ सुखरूप झालं. अशी खाज आली, किंवा चेहरा एकाएकी सुजला, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दाखवा. पावलांना संध्याकाळी येणारी सूज वेगळी, ती मलाही होती.

•

37व्या आठवड्यात पोट खाली उतरलं. कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेता आला, जेवणही पोटभर गेलं. लघवीला मात्र दर तासाला! त्याच सुमारास ब्लाउजवर पिवळट डाग दिसला. चीक होता तो. बाळ यायचं होतं आणि दूध आधीच तयारीला लागलं होतं. तो ब्लाउज धुवायला टाकण्याआधी मी बराच वेळ हातात धरून बसले होते.