५,००० रुपयांत संगीत, खेळ आणि टीव्हीसाठी एकच हेडफोन: तारेचा की बिनतारी?

बजाजनगरकर

गेल्या वर्षी घेतलेला ३,००० रुपयांचा बिनतारी हेडफोन यंदाच्या मे महिन्यात निकामी झाला. आतले यंत्र व्यवस्थित चालू आहे, परंतु इअरपॅडवरचे चामड्यासारखे आवरण घामाने सुटून त्याचे काळे कपचे कानाला आणि उशीला चिकटू लागले. सुटे पॅड मिळत नाहीत असे दुकानदाराने सांगितल्यावर तो कपाटात गेला. आता पुन्हा ५,००० रुपयांच्या आत एक हेडफोन घ्यायचा आहे आणि त्याला घरात तीन धनी आहेत. मी रात्री शास्त्रीय संगीत ऐकतो, मुलगा सुट्टीच्या दिवशी मित्रांशी बोलत संगणकावर नेमबाजीचे खेळ खेळतो आणि माझी आई सगळे झोपल्यावर टीव्हीवर मालिकांचे राहिलेले भाग पाहते.

माझे मत असे झाले आहे की पाठीमागून बंद असलेला, कान पूर्ण झाकणारा, तारेचा हेडफोन घ्यावा आणि तिघांनी तोच वापरावा. बिनतारी हेडफोनच्या किमतीत बॅटरी, ब्लूटूथची चिप, छोटा अँप्लिफायर आणि माइक यांचाही वाटा असतो, त्यामुळे ठरलेल्या रकमेत प्रत्यक्ष आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरसाठी आणि बांधणीसाठी उरतो तो पैसा कमीच. शिवाय बॅटरी काही वर्षांनी थकते. तारेच्या हेडफोनला तसे वय नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा स्टुडिओतला हेडफोन १९९१ पासून विकला जात आहे आणि त्याचे पॅड आजही बदलता येतात. तो माझ्या मर्यादेत बसत नाही, पण ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्ससारखे त्याच जातीचे हेडफोन त्या मर्यादेच्या आसपास मिळतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासह सांगावे.

रात्रपाळी

तुमचा हिशेब ड्रायव्हरपुरता बरोबर आहे, परंतु दिवाणखान्याचा हिशेब त्यात धरलेला नाही. टीव्ही आणि दिवाण यांच्यात साधारण तीन-साडेतीन मीटर अंतर असते आणि तुम्ही नाव घेतलेल्या एम२०एक्सची तार ३ मीटर आहे, म्हणजे ती जमिनीवर टेकणारही नाही, गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली राहील. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या पायात ती अडकली तर हेडफोन, टीव्ही आणि आजी यांपैकी काहीतरी पडणार. ती तार हेडफोनला कायमची जोडलेली असते, खटकन सुटणारी नसते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरे असे की पुष्कळ नव्या टीव्हींना ३.५ मिमीचे छिद्रच नसते; मागे फक्त ऑप्टिकल जोडणी असते आणि तिला तारेचा हेडफोन लावायचा तर मध्ये अंकीय संकेत हेडफोनला चालेल असा करून देणारे डॅक नावाचे वेगळे खोके लागते. जिथे छिद्र असते तिथे पिन खुपसताच बहुतेक टीव्हींचे स्वतःचे स्पीकर बंद पडतात. मी रात्रपाळीहून आल्यावर दुपारी टीव्ही पाहतो, घर झोपलेले असते आणि मी ब्लूटूथ लावून स्वयंपाकघरात चहा ठेवून येतो. आवाज उशिरा येतो ही तक्रार मला अतिरंजित वाटते.

शून्य विलंब

काका, टीव्हीपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे, खेळापुरते अजिबात नाही, आणि या दोहोंत फरक का पडतो हे नीट मांडल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकणार नाही.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकुंचित होतो, तुकड्यातुकड्याने हवेतून जातो, एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवता यावा म्हणून हेडफोन थोडा साठा हाताशी धरून ठेवतो आणि मग उलगडून ऐकवतो. एसबीसी या साध्या कोडेकवर, म्हणजे आकुंचनाच्या पद्धतीवर, या सगळ्याला साधारणपणे १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. आयटीयूच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या, बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला ते कळू लागते. उशिराला इतकी जास्त सवलत का, याचे उत्तर नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानात मिळते: सत्तर मीटरवरून पाहताना चेंडू बॅटला लागलेला आधी दिसतो आणि त्याचा आवाज सुमारे ०.२ सेकंदांनी येतो, तरी कोणाला ते विचित्र वाटत नाही. आवाज प्रकाशाच्या मागून येणे हे कानाला जन्मापासून ठाऊक आहे. आधी येणे कधीच घडत नाही.

आता मुख्य मुद्दा. मालिका आधीच चित्रित झालेली असते, म्हणून हेडफोनवर आवाज किती उशिरा पोहोचेल हे ओळखून फोन किंवा टीव्ही चित्रच तेवढे थोपवून धरू शकतो आणि तुम्हाला काहीही जाणवत नाही. खेळात पुढच्या क्षणी काय होणार हे माझ्या बोटावर अवलंबून असते. यंत्राला ते आधी कळत नाही, त्यामुळे थोपवायला त्याच्याकडे काही नसतेच. बंदुकीचा घोडा दाबल्यावर ०.२ सेकंदांनी बार ऐकू आला तर एक वेळ चालेल. शत्रूच्या पावलांचा आवाज तेवढ्या उशिरा आला तर तोवर शत्रू खोलीत आलेला असतो.

याहून मोठी अडचण माइकची आहे आणि ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. संगणकाला जोडलेल्या नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की जोडणी संगीताच्या ए२डीपी मार्गावरून फोनवरच्या संभाषणासाठी असलेल्या एचएफपी मार्गावर जाते, आणि तिथे आवाज एकाच वाहिनीचा, ८ किंवा १६ किलोहर्ट्झ नमुना दराचा होतो. पावले डावीकडून येत आहेत की उजवीकडून, हे मग कळणार कसे? बजाजनगरकरांचा मुलगा मित्रांशी बोलत खेळतो, म्हणजे त्याच्यासाठी हा हेडफोन पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरेल. ब्लूटूथच्याच नव्या एलई ऑडिओ या प्रकारात यावर उपाय आहे, पण ती सोय हेडफोन आणि संगणक या दोन्ही टोकांना असावी लागते. प्लेस्टेशन ५ तर ब्लूटूथ हेडफोन थेट स्वीकारतच नाही. त्याच्या कंट्रोलरला मात्र ३.५ मिमीचे छिद्र आहे.

रात्रपाळी

मग २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलचा, म्हणजे यूएसबी छिद्रात लावायचे छोटे बिनतारी यंत्र सोबत येते तसला, हेडसेट घ्यावा. त्यात विलंब जाणवण्याजोगा नसतो आणि तारही नसते.

शून्य विलंब

संगणकापुरता तो खरोखर चांगला पर्याय आहे. पण बजाजनगरकरांना एकच हेडफोन तीन ठिकाणी हवा आहे. ते डोंगल टीव्हीच्या यूएसबी छिद्रात खुपसल्यावर टीव्ही त्याला ध्वनियंत्र म्हणून ओळखेलच याची खात्री नसते, आणि डोंगल कोणाच्या खिशात राहिले यावरून घरात रोज वाद होईल तो वेगळा.

जवारी

आतापर्यंतच्या चर्चेत संगीताला कोणी विचारलेलेच नाही, म्हणून लिहिते. मी २० वर्षे तानपुरा जुळवत आले आहे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या उपस्वरांचा खेळ असतो आणि तो ऐकू यायचा असेल तर खालच्या पट्टीतला फुगवटा आवरलेला हवा. स्वस्त बंद हेडफोनमध्ये नेमका तो फुगवटा असतो: मागची हवा कोंडलेली असल्याने डग्ग्याची प्रत्येक थाप घुमते, तिच्या मागची मींड बुजते आणि ख्यालातल्या विलंबित ठेक्यात गायकाच्या श्वासाची जागाच उरत नाही. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हेडसेटमध्ये स्फोट दणदणीत वाटावेत म्हणून हा दोष मुद्दाम वाढवलेला असतो, आणि त्यांच्या खोक्यावरचे सात-पॉइंट-एक, म्हणजे सगळ्या बाजूंनी आवाज येण्याचा दावा, हे बहुधा दोनच ड्रायव्हरवर केलेले गणित असते. तसले गणित विंडोजमध्ये फुकट मिळते.

म्हणून माझा आग्रह मागून उघड्या हेडफोनचा आहे. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता समोर पसरतो, कान तापत नाही आणि खेळातही दिशा चांगली कळते. उघडा हेडफोन महागच असतो हाही गैरसमज आहे. कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून विकला जातो, त्याला साधे स्पंजचे पॅड असतात आणि ते झिजले की नवे चढवता येतात. त्यावर कातडे सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

खस आणि कूलर

जवारीताई, आपले म्हणणे वाचताना पटत होते आणि त्याच वेळी माझ्या खिडकीतला कूलर घरघरत होता.

मार्चच्या शेवटापासून पावसाळा लागेपर्यंत नागपुरातल्या बहुतेक घरांत संध्याकाळ म्हणजे कूलरसमोर बसणे. कूलरच्या खसाच्या ताट्या भिजवून मोठा पंखा फिरू लागला की खोलीत खर्जातला जो अखंड आवाज भरतो, तो उघड्या हेडफोनच्या जाळीतून सरळ आत येतो. त्यात जवारी तर सोडाच, तानपुरा चालू आहे की नाही हेही मला कळत नाही. मी असा हेडफोन हौसेने घेतला आणि चार महिने त्याचा आवाज वाढवून वाढवून ऐकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला जेमतेम ५ तास उरतात. हे वाचले त्या दिवशी मी तो हेडफोन पुण्याच्या भावाला देऊन टाकला.

बंद हेडफोनमध्ये घाम येतो हे खरे आहे. त्यावर साधा उपाय म्हणजे मखमली किंवा कापडी पॅड. बाहेरचा आवाज त्यातून थोडा जास्त येतो, पण ते सुटत नाहीत आणि धुता येतात. घेण्यापूर्वी त्या मॉडेलचे सुटे पॅड मिळतात का हे आधी विचारावे. बजाजनगरकरांचे ३,००० रुपये याच एका प्रश्नाअभावी गेले.

बाहेरचा आवाज यंत्राने रद्द करणारे हेडफोन कूलरच्या संथ, खालच्या घरघरीवरच सर्वांत चांगले चालतात हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण या रकमेत ते बिनतारीच मिळतील आणि मग शून्य विलंब यांची सगळी हरकत पुन्हा लागू होईल.

जवारी

कूलरचा मुद्दा मला नाकारता येत नाही. आमच्याकडे रियाजाच्या वेळी कूलर बंद असतो, म्हणून तो माझ्या लक्षातच आला नव्हता. तरीही वर्षाचे आठ महिने सोडून उरलेल्या चार महिन्यांसाठी हेडफोन निवडावा हे मला पटत नाही.

सुटा हिशेब

तिघांचे कान एकाच हेडफोनमध्ये का कोंबायचे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. १,५०० ते २,००० रुपयांत आज तारेचे इन-इअर, म्हणजे कानाच्या आत बसणारे हेडफोन, इतके चांगले मिळतात की त्या किमतीचा डोक्यावरचा हेडफोन त्यांच्यापुढे फिका पडतो. कानाच्या मापाचे रबर नीट बसले तर कूलरही बाहेर राहतो आणि घामाचा प्रश्न संपतो. वडील आणि मुलगा यांनी स्वतःचे एकेक घ्यावे आणि उरलेल्या हजार-दीड हजारांत आईसाठी साधा, हलका ब्लूटूथ हेडफोन घ्यावा, कारण संवाद स्पष्ट ऐकू येणे एवढेच तिथे पाहिजे. घामेजलेले पॅड तिघांनी आळीपाळीने कानाला लावणे हे तसेही बरे नव्हे.

एक सूचना: ज्या फोनला ३.५ मिमीचे छिद्र नाही त्याला यूएसबी-सीचा अडॅप्टर घेताना त्यात डॅक आहे ना, हे विचारून घ्यावे. नुसती तार जोडून देणारे स्वस्त अडॅप्टर अनेक फोनवर मुकेच राहतात. आणि २५० ओहम इतक्या जास्त विद्युतरोधाचा स्टुडिओ हेडफोन कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नये. फोनवर तो पुरेसा मोठा वाजत नाही.

बजाजनगरकर

सर्वांची मते घेऊन आणि आईला व मुलाला बरोबर घेऊन मी शनिवारी नागपूरच्या बाजारात, बर्डीवर, जाऊन आलो. ऐकून पाहू देणारे दुकान तिसऱ्या प्रयत्नात सापडले.

तीन ठिकाणी एकच हेडफोन हा माझा आग्रह मी मागे घेतो. रात्रपाळी यांनी लिहिलेले दृश्य घरी टेप लावून मोजले तेव्हा अंतर ३ मीटर ४० सेंटीमीटर निघाले. आईने कानात रबर घालून पाहिले आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवले, त्यामुळे सुटा हिशेब यांची वाटणी तिच्यापुरती त्यांच्याच सूचनेप्रमाणे झाली: १,३०० रुपयांचा कानावर टेकणारा ब्लूटूथ हेडफोन. आमच्या टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज आणि चित्राचा मेळ बसवण्याची सरकपट्टी निघाली. ती आई स्वतः सरकवून ओठ आणि शब्द जुळवून घेते.

मुलासाठी आणि माझ्यासाठी मात्र मी तारेचा बंद हेडफोनच घेतला, ४७ ओहमचा, ज्याचे पॅड बदलता येतात. दुकानात वर पंखा होता, बाहेर बर्डीची गर्दी होती, आणि तेवढ्यातही भीमसेनजींच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला तानपुरा मला ऐकू आला. जवारीताईंना तो पुरेसा वाटला नसता हे मी मान्य करतो, डग्गा किंचित फुगतोच. ओळखीच्या शिंप्याने मखमली खोळी शिवून देण्याचे कबूल केले आहे. मुलासाठी कॉलरला लावायचा माइक वेगळा घेतला आहे, पण खेळताना त्यात मंद सूं असा आवाज येतो. त्याचे काय करावे?

शून्य विलंब

माइक आणि हेडफोन दोन्ही संगणकाच्या खोक्याच्या पुढच्या जोडणीत लावले असतील तर काढून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या छिद्रांत लावून पाहा. पुढची तार खोक्याच्या आतून इतर भागांजवळून जाते आणि तिथेच तो आवाज उचलते. एवढ्याने गेला नाही तर दोन-तीनशे रुपयांचे यूएसबी साउंड कार्ड घ्या. आणि काका, मखमली खोळ जाड शिवू नका, नाहीतर कान ड्रायव्हरपासून लांब जाऊन सगळा आवाजच बदलेल.